बेल वाजली की...

काही विषय घरोघरी घडतात आणि कुणीही त्यांच्याबद्दल उघड बोलत नाही. घरातला कुत्रा पाहुण्यांसमोर जे चाळे करतो, तो त्यातलाच एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या बाईंच्या साडीत नाक खुपसणं, ऑफिसातल्या वरिष्ठांच्या मांडीवर दोन पाय टाकून त्यांचं तोंड चाटणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे एखाद्या काकांच्या नडगीला पुढच्या दोन पायांनी घट्ट मिठी मारून कमरेला हेलकावे द्यायला लागणं. यजमान ओरडतात, यजमानीणबाई लाजेने लाल होतात, काका "असू दे, असू दे" म्हणत पाय सोडवून घ्यायची धडपड करतात, आणि समोर बसलेली सात वर्षांची मुलगी खणखणीत आवाजात विचारते, "आई, तो काय करतोय?"

हसण्यासारखंच आहे हे. पण असं तीन-चार वेळा झालं की त्या घरी लोकांचं येणं-जाणं कमी होतं. आधी घरची मंडळीच बोलावणं टाळायला लागतात. मग पाहुणे यायचे असले की कुत्र्याला बाथरूममध्ये कोंडणं सुरू होतं. तो आतून दार खरवडतो, रडतो, आणि बाहेर चहा पिणाऱ्यांचं लक्ष सगळं त्या दाराकडे. शेवटी एक दिवस ओळखीच्यांना निरोप जातो, "चांगलं घर बघतोय, कुणाला कुत्रा हवाय का?" परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्ही गोष्टी महाग पडतात. नातेवाईक विमानाच्या अंतरावर असताना ओळखीची माणसं हेच आपलं गणगोत, आणि मुलांच्या दृष्टीने तो कुत्राही घरचाच.

मी राहतो त्या अल नहदाचं उदाहरण घेतो, कारण ही अडचण तिथे जितकी दाट होते तितकी बंगल्यांच्या वस्तीत होत नाही. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अल नहदा निम्मं दुबईत आणि निम्मं शारजात आहे. उंच इमारतींना खेटून उंच इमारती, आणि आपली भारतीय कुटुंबं इतकी की लिफ्टमध्ये फोडणीचा वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटावं. बऱ्याच फ्लॅटचं दार उघडलं की आपण थेट हॉलमध्ये. अंगण नाही, ओसरी नाही. आपल्या गावाकडे कुत्रा अंगणात असे, पाहुणा ओसरीवर येईपर्यंत भुंकून, हुंगून, शेपूट हलवून त्याचं सगळं उरकलेलं असे. इथे तो सारा समारंभ चार फूट रुंदीच्या जागेत, चपलांच्या ढिगावर पार पडतो.

त्यातून उन्हाळा. जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर काढणं म्हणजे कुत्र्याचे पंजे भाजून घेणं. (हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद फरशीवर टेकवता आली नाही, तर त्याचे तळवेही टेकू नयेत, हा साधा नियम आहे.) अल नहदाच्या तळ्याभोवतीची बाग किंवा दुबईतल्या अशा इतर सार्वजनिक बागा, तिथे कुत्र्याला प्रवेश नाही. म्हणजे पहाटे आणि रात्री उशिरा इमारतीभोवती जे काय फिरवू तेवढंच. बाकी वीस-बावीस तास हा जोमदार प्राणी दोन खोल्यांत बसून असतो, आणि त्याच्या दिवसातली एकमेव खळबळजनक घटना म्हणजे दाराची बेल! मग बेल वाजल्यावर त्याने काय शांतपणे पेपर वाचत बसावं?

हे चाळे म्हणजे नक्की काय, ते आधी पाहू. कारण आपला पहिला समज, की कुत्रा "घाणेरडा" आहे किंवा "वयात आलाय", बऱ्याचदा चुकीचा असतो. माणसाच्या पायावर, उशीवर, लहान मुलावर चढणं हे नर करतात तसं माद्याही करतात. दीड-दोन महिन्यांची पिल्लं एकमेकांशी खेळताना करतात. खच्चीकरण झालेले कुत्रेही करतात. हार्मोन्सचा त्यात वाटा असतो, पण पुष्कळदा कारण एवढंच असतं की अंगात उत्तेजना मावत नाही आणि ती कुठून बाहेर काढायची ते कळत नाही. आनंद, भीती, गोंधळ, सगळं एकदम आलं की माणसंही नखं खातात, पाय हलवतात. कुत्र्याच्या शरीराला जी हालचाल जन्मतः येते ती तो करतो. कधी कधी लघवीच्या जागी जंतुसंसर्ग किंवा कातडीची खाज हेही कारण असतं, म्हणून सवय अचानक लागली असेल तर आधी पशुवैद्याकडे जावं. फरशीवर बूड घासत चालण्याचंही तसंच. पाहुण्यांपुढे ते फार विनोदी दिसतं, पण बहुधा गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्याचं ते लक्षण असतं.

ऑपरेशन केलं की प्रश्न मिटला, असं अनेकजण सांगतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी १९९७ साली ५७ नर कुत्र्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. खच्चीकरणानंतर ६० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांची अंगावर चढण्याची सवय निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, पण जवळजवळ पूर्ण गेली ती सुमारे २५ ते ४० टक्क्यांचीच. म्हणजे उपयोग आहे, खात्री नाही. ऑपरेशन करायचं की नाही, केव्हा करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. त्याच्या भरवशावर शिकवणं टाळू नये एवढंच.

दुसरा समज आणखी चिवट आहे. कुत्रा आपल्यावर "सत्ता" गाजवू पाहतोय, म्हणून त्याला पाठीवर पाडून दाबून धरा, मालक कोण ते दाखवा! या कल्पनेचं मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. डेव्हिड मीच (हे त्यांचं आडनाव, आपलं 'मीच' नव्हे) यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ती जगभर पसरवली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर त्याच मीच यांनी १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे साधारणपणे आई, बाप आणि त्यांची पोरं असं एक कुटुंब असतं, सिंहासनासाठी भांडणारी टोळी नव्हे. पण जुना विचार लोकांच्या डोक्यातून गेला नाही. पाहुण्यांसमोर कुत्र्याला दाबून धरणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. कुत्रा त्या वेळी गप्प होतो, आणि पाहुणे म्हणजे काहीतरी भयंकर, हे मात्र पक्कं शिकतो. पुढच्या वेळी तो चाटायच्या ऐवजी गुरगुरला तर नवल नाही.

आता नाक. बायकांना सगळ्यात लाजिरवाणं हेच वाटतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत. माणसाच्या काखेत आणि जांघेत ज्या विशिष्ट घामाच्या ग्रंथी असतात, त्यांत त्याला त्या माणसाचा सगळा बायोडेटा मिळतो. काख उंच, जांघ त्याच्या नाकाच्या पातळीवर. मासिक पाळी असलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईकडे तो जास्त जातो, आणि चारचौघांत त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याच्या लेखी हे "नमस्कार, कसं काय?" असतं. पण म्हणून पाहुणीने ते सोसावं असं मुळीच नाही.

गंमत अशी की या सगळ्याला खतपाणी आपणच घालतो. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात माइक स्पीकरच्या समोर आला की जी कर्कश किंचाळी निघते, ती आठवा. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, आणि प्रत्येक फेरीत वाढत जाणारा. आम्ही इंजिनिअर लोक याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो. दारात हेच होतं. बेल वाजते, कुत्रा भुंकतो. आपण त्याच्याहून मोठ्याने ओरडतो, त्याला वाटतं घरची सगळी मंडळी भुंकायला लागली. पाहुणा "हाड, हाड" करत हात वर घेतो आणि मागे उडी मारतो, जी कुत्र्यांच्या भाषेत खेळायची हाक आहे. मुलं किंचाळत धावतात. कुणीतरी हसतं. मालक त्याला दोन्ही हातांनी धरून ओढतो, म्हणजे अंगाला स्पर्शही मिळाला. पायाला मिठी मारताक्षणी बारा माणसांची सभा ज्याच्याकडे बघते, नाव घेऊन ओरडते, हसते, हात लावते, तो ती मिठी का सोडेल?

त्यात आपल्या काही रीतीही भर घालतात, याकडे परदेशी पुस्तकांचं लक्ष असणं शक्य नाही. आपले पाहुणे दारातच वाकून चपला-बूट काढतात. म्हणजे कुत्र्याच्या उत्तेजनेचा कळस आणि पाहुण्याचं तोंड कुत्र्याच्या पातळीवर येणं, एकाच क्षणी! आरतीला किंवा जेवणाला आपण सतरंजीवर बसतो. पदर, ओढण्या लोंबत असतात. झांजा-टाळ्यांचा गजर सुरू झाला की कुत्र्याचं भान हरपतं. कुणीतरी प्रेमाने प्रसादाचा शिरा त्याच्यापुढे धरतं. हे शेवटचं तर कुणालाही करू देऊ नका, कारण शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात. द्राक्षं, चॉकलेट, कांदा यांचंही तेच.

मग करायचं काय? माझ्या मते निम्मं काम बेल वाजायच्या आधी होतं. अल नहदातल्या बहुतेक इमारतींत खाली वॉचमन असतो, तो इंटरकॉमवरून विचारतो किंवा पाहुणाच खालून फोन करतो. मग लिफ्ट. आपल्या लिफ्टचा वेग लक्षात घेता दोन ते पाच मिनिटं सहज मिळतात. तेवढ्यात कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हलकी दोरी लावायची आणि त्याला हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्याच्या चटईवर नेऊन घट्ट रबरी खेळण्यात भरलेला दही-भात किंवा गाजराचा तुकडा चघळायला द्यायचा. चाटणं आणि चावणं यांनी कुत्रा शांत होतो. संध्याकाळी सातला पाहुणे यायचे असतील तर त्याआधी त्याला दमवावं. बाहेर ऊन असेल तर घरातच त्याचं खाणं वाटीत न देता टॉवेलच्या घड्यांत, रिकाम्या खोक्यांत लपवून हुंगत शोधायला लावावं. वीस मिनिटं नाक चालवलं की कुत्रा चांगला थकतो.

चटईवर जाणं हे मात्र आधी, पाहुणे नसताना शिकवावं लागतं. फोनवर आपल्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. अगदी हळू वाजवा, लगेच चटईवर खाऊचा तुकडा टाका. दिवसातून आठ-दहा वेळा, दोन-तीन मिनिटांच्या खेपांत. काही दिवसांनी आवाज वाढवा. मग घरातल्याच कुणालातरी बाहेर पाठवून खरी बेल वाजवायला सांगा. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग आपण शाळेत शिकलो, १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांच्या कुत्र्यांना ठरावीक इशाऱ्यावर लाळ सुटायची, आपल्याला हवंय ते एवढंच की बेल वाजली की कुत्र्याने दाराकडे न धावता चटईकडे धावावं. बेल तीच, तिचा अर्थ बदलायचा. जेवण घेऊन येणाऱ्या मुलांवर हा प्रयोग करू नये. त्यांच्या पायांवर दिवसभराच्या फेऱ्या आणि त्यात कुत्र्याची भीती, हा जुलूम आहे.

शब्दांचा एक घोळ सांगतो. आपण मुलांशी मराठीत बोला म्हणून एकमेकांना बजावतो आणि कुत्र्याशी मात्र सगळे इंग्रजीतच बोलतो! मराठीत शिकवायला काहीच हरकत नाही, फक्त "बस" हा शब्द मी टाळतो. आपल्या घरात "बस झालं आता", "स्कूल बस आली", "अरे बस ना जरा", आणि पाहुण्यांना "बसा, बसा" असं दिवसभर चाललेलं असतं. शंभर वेळा कानावर पडून काहीच घडलं नाही की तो शब्द कुत्र्याच्या लेखी पंख्याच्या आवाजासारखा होतो. "चटई", "जागेवर" असा एरवी न येणारा एकच शब्द ठरवावा आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तोच वापरावा. सोबत हाताची खूण असली तर उत्तम. खुणा कुत्र्यांना बोलण्यापेक्षा लवकर कळतात.

पाहुणा आत आला, बसला, पाणी झालं, मग कुत्र्याला दोरीसकट जवळ आणावं, तेही पाहुण्याची इच्छा असेल तरच. उडी मारली तर पाहुण्याने नुसतं तोंड फिरवून हात छातीशी घ्यायचे. बोलणं नाही, बघणं नाही. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच शाबासकी. नाक खुपसायची सवय असेल तर त्याआधीच पाहुण्याने मूठ त्याच्या नाकासमोर खाली धरावी. तिला नाक लावलं की खाऊ. हुंगायचंच आहे ना, मग हात हुंग! हे तो दोन-चार दिवसांत शिकतो.

आणि मिठी? ती येण्याआधी खुणा दिसतात. तो गुडघ्याला नाक घासतो, धापा टाकतो, माणसाभोवती गोल फिरतो, ओठ चाटतो, कुणकुणतो. तेव्हाच नाव न ओरडता दोरी उचलून त्याला तिथून न्यावं. मिठी बसलीच तर दोरी धरून शांतपणे बाजूला घ्यावं, आतल्या खोलीत दोन-तीन मिनिटं चघळायला काहीतरी देऊन ठेवावं आणि परत आणावं. पुन्हा झालं तर पुन्हा. लाथ, चापट, खदाखदा हसणं, फोनवर व्हिडिओ काढणं, यातलं काहीही नको. बघ्यांनी गप्पा चालू ठेवाव्या. यजमानांना हे सगळ्यात जड जातं, कारण आपल्याला वाटतं आपण ओरडलो नाही तर पाहुण्यांना वाटेल यांना काही लाजच नाही. त्यापेक्षा फोनवर आधीच सांगून ठेवावं, "आमच्याकडे कुत्रा आहे, शिकतोय. त्याने काही केलं तर लक्ष देऊ नका, मी घेऊन जाईन." पाहुण्यांना बरं वाटतं. काय होणार हे माहीत असलं की अर्धी लाज तिथेच संपते.

पहिल्या आठवड्यात ही खोड वाढल्यासारखी वाटेल. लिफ्ट येत नाही म्हणून आपण बटण परत परत, आणखी जोरात दाबतो, तसंच ते. एरवी मिळणारा गोंधळ मिळेनासा झाला म्हणून तो जास्त जोर लावून पाहतो. इथे टिकलं पाहिजे. आणि नेमकं इथेच कुणीतरी कुत्रेप्रेमी काका "असू दे हो, मला आवडतं, माझ्याकडेही होता" म्हणत त्याला अंगावर घेतात. दहा वेळा नाही आणि अकराव्या वेळी हो, अशी मिळालेली गोष्ट कुत्राच काय, माणूसही सोडत नाही, लॉटरीची तिकिटं त्यावरच खपतात. त्या काकांना प्रेमाने पण स्पष्ट थांबवावं.

मुलांच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. लहान मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असला तरी, मोठ्या माणसाच्या नजरेशिवाय एका खोलीत नको. मुलं उंचीने लहान, आवाजाने तीक्ष्ण आणि पळणारी, म्हणून अंगावर चढणं, पाडणं त्यांच्याच वाट्याला येतं. आलेल्या मुलांना दारातच सांगावं, "तो जवळ आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. हात खाली, नजर पायाकडे. आणि मला हाक मारायची." झाड कंटाळवाणं असतं, कुत्रा निघून जातो. मुलांना हा खेळ आवडतो. बिस्किट हातात उंच धरून नाचवणं मात्र बंद. कुत्रा तोंड फिरवतोय, जांभया देतोय, डोळ्यांच्या कडेने बघतोय, तर त्याला पुरे झालंय. तो गुरगुरला तर त्याला मारू नका, मुलाला दूर घ्या. गुरगुरणं म्हणजे त्याचं बोलणं. ते मारून बंद केलं तर पुढच्या वेळी तो न बोलता चावेल.

त्या सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर मात्र द्यायचं. "शी! तिकडे बघू नकोस" म्हटलं की ती शाळेत जाऊन चार मैत्रिणींना विचारणार. "त्याला इतका आनंद झालाय की काय करावं कळत नाही, म्हणून तो असं करतो. आपण त्याला दुसरं काहीतरी शिकवतोय," हे उत्तर खरं आहे, पुरेसं आहे, आणि आजी-आजोबांच्या समोरही देता येतं. मोठ्या मुलांना अर्थात जास्त कळतं, त्यांच्याशी जास्त बोलावं.

कोव्हिडच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, घरात कोंडलेल्या मुलांच्या हट्टाने ज्यांच्याकडे पिल्लू आलं त्यांना जास्त चिकाटी लागते. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. त्या काळात ज्यांनी घरात एकही पाहुणा पाहिला नाही, तोंडावर मास्क नसलेला अनोळखी चेहरा पाहिला नाही, ते कुत्रे आता वयाने पोक्त झाले तरी बेलला बिचकतात. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच" ही म्हण शेपटापुरती खरी आहे. सवयींना ती लागू नाही, पाच-सहा वर्षांचा कुत्राही शिकतो, वेळ लागतो इतकंच.

फ्लॅटच्या दाराबाहेर तर इथे आणखी जपावं लागतं. २०१६ च्या संघराज्याच्या कायद्यानुसार कुत्र्याची नोंदणी, लस आणि बाहेर नेताना दोरी सक्तीची आहे, दंड हजारो दिरहमांत जातो, आणि काही जाती पाळायला मनाईच आहे. भाडेकरारात प्राण्यांना बंदी असेल तर शेजाऱ्याची एक तक्रार पुरते. पण कायद्यापेक्षा शेजार मोठा. आपल्या मजल्यावर राहणाऱ्या अनेक मुसलमान कुटुंबांत कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय नमाज पढता येत नाही. हदीसमध्ये कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं सात वेळा, त्यातल्या एकदा मातीने, धुवायला सांगितलं आहे. शाफई आणि हंबली पंथ याबाबत कडक, मालिकी पंथ कुत्र्याला अपवित्र मानत नाही, म्हणजे त्यांच्यातही मतं वेगवेगळी आहेत. याच भागातल्या बदूंनी सलुकी जातीचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड सांभाळले. (आपला मुधोळ किंवा कारवान कुत्रा बघा, सलुकीचा चुलतभाऊ वाटतो.) तेव्हा "यांना कुत्रे चालत नाहीत" असं सरसकट बोलू नये, आणि "काही नाही करत तो" असंही म्हणू नये. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्यावी. तिथे आखूड दोरी, कुत्रा भिंतीकडे, आपण मध्ये. आपल्याकडेही सोवळ्याओवळ्याच्या घरात कुत्रा देवघरात शिरला तर काय होतं ते आठवलं की हे समजायला अवघड नाही.

आपल्याकडून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांची भीतीही अशीच समजून घ्यावी. त्यांच्या पिढीने कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं पाहिली आहेत. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण मनातली इंजेक्शनं गेली नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अनुभव असलेल्या माणसाला "आमचा गुणी आहे" सांगून उपयोग नसतो. लसीचं पुस्तक दाखवावं, पहिले काही दिवस दोरी आणि मधलं जाळीचं फाटक ठेवावं, आणि त्यांनी स्वतःहून हात पुढे करेपर्यंत कुत्र्याला त्यांच्याजवळ नेऊ नये. अनेक घरांत मी पुढचं पाहिलंय. दुपारी घरात आजी आणि कुत्रा दोघंच असतात. महिन्याभरात आजी पोळीचा कोरडा तुकडा हातात घेऊन बसते, "चटई" म्हणते, तो जातो. तिच्याकडे वेळ असतो, ती शब्द बदलत नाही, आणि चटईवर गेल्याशिवाय तुकडा देत नाही. बेल वाजली की आता तो आधी आजीकडे बघतो.